आळवट, केणी आणि ब्लेड

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहतो. हातात छत्री असते, चहा झालेला असतो आणि करण्यासारखे काही नसते. नुसते बघायचे असते. खाचरात पाणी पसरलेले असते आणि त्यातून मधूनच मातीची पाठ वर आलेली दिसते, डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीसारखी. माती वर दिसली तिथे उंचवटा, पाण्याचा रंग गडद झाला तिथे खळगा. आठ महिने डोळ्यांना सपाट वाटलेले शेत पाणी अर्ध्या तासात उघडे पाडते.

रेडिओवर बोलण्याचे ठरले तेव्हा मला विचारले गेले, ‘पावसाच्या कविता वाचाल ना?’ मी म्हणालो, पावसाविषयीच बोलतो, पण पडलेला पाऊस जिथे उभा राहतो त्या जमिनीविषयी. कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांत जमीन सपाट करणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. तिचा इतिहास कुठल्या तहात, सनदेत सापडत नाही. तो तीन अवजारांत सापडतो: आळवट, केणी आणि आज लहान ट्रॅक्टरच्या पाठीमागे लागणारे ब्लेड.

आमचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. एका बाजूला भोर घाट, दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर, मधून उल्हास आणि पाताळगंगा. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तोही चार महिन्यांत. मुंबईहून पुण्याला जाताना आगगाडीच्या खिडकीतून पावसाळ्यात जी हिरवी खाचरे पायऱ्यांसारखी उतरत गेलेली दिसतात, ती निसर्गाने दिलेली नाहीत. निसर्गाने दिला तो उतार. त्या उतारावर कुणीतरी वरची माती खणून खाली ओढली, खालच्या कडेला दगड-मातीचा बांध घातला, पाण्याने तो फोडला, त्याने पुन्हा घातला. असे कितीतरी पावसाळे गेले तेव्हा एक खाचर झाले. या कामाला आमच्याकडे ‘मजगी’ असा जुना शब्द आहे. शेतीखात्याच्या कागदांतही तो तसाच आहे, आणि सरकारी कागदात एवढा सुंदर मराठी शब्द टिकून राहावा याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

इंग्रजांनी १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले त्यात कर्जतचे वर्णन आहे, कारण तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाब्यात आले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. भातशेतीची त्यातली हकीकत, म्हणजे राब भाजणे, रोप टाकणे, चिखल करून लावणी करणे, ही मी लहानपणी पाहिलेल्या शेतीपेक्षा फारशी वेगळी नाही. त्या शेतीत सपाटीचे काम एकच अवजार करायचे. आळवट.

आळवट म्हणजे एक जाड, लांब लाकूड. चिखलणी झाली, की ते बैलांच्या मागे आडवे बांधायचे आणि खाचरातून फिरवायचे. दक्षिण कोकणात याच कामाला गुठा असतो. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही बडे अब्बा म्हणत असू, ते आळवटावर मला बसवायचे. मुलाचे वजन त्या कामाला अगदी बेताचे असते. उंचवटा आला, की ते म्हणत, ‘बस घट्ट’ आणि खळगा आला, की म्हणत, ‘ऊठ’. मी उठलो की लाकूड हलके होई आणि पुढे ओढत आणलेला चिखल खळग्यात बसे. हायड्रॉलिक म्हणजे काय, हे मला कॉलेजात कळले नाही ते या उठाबशीवरून आधीच कळलेले होते.

पण आळवटाची ताकद तेवढीच. ते चिखल सारवते, वीतभर उंचवटा मोडत नाही. त्यासाठी कुदळ, फावडे आणि घमेले. घाटावर या कामाला केणी होती. केणी म्हणजे मोठ्या सुपासारखे अवजार, पुढच्या कडेला लोखंडी पट्टी, मागे धरायला दांडा किंवा मूठ. बैल ओढतात आणि मागचा माणूस मूठ उचलतो-दाबतो. मूठ उचलली, की कड जमिनीत चावते आणि सूप भरते. मूठ खाली दाबली, की भरलेले सूप जमिनीवरून घसरत जाते. खळग्याशी आले, की मूठ एकदम वर उचलायची. सूप उलटते आणि माती पडते. तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी जेम्स पोर्टियस नावाच्या माणसाने १८८३ मध्ये असेच घोड्यांनी ओढायचे लोखंडी सूप तयार करून त्याचे पेटंट घेतले. ते ‘फ्रेस्नो स्क्रेपर’ पुढे पनामा कालव्याच्या खोदकामातही वापरले गेले. आमच्या केणीचे पेटंट कुणी घेतले नाही, कारण ती कुणा एकाची नव्हतीच.

बडे अब्बांनी मावळातल्या एका ओळखीच्या माणसाकडून एक जुनी केणी आणली ती १९५७ नंतर. हे साल महत्त्वाचे आहे. त्यापूर्वी ती जमीन आमची नव्हती. आम्ही कूळ होतो. मालक कधी मुंबईत, कधी पनवेलीत. मी एकदा त्यांना विचारले, ‘बडे अब्बा, वरचे खाचर इतकी वर्षे वाकडे का ठेवले?’ ते म्हणाले, ‘बेटा, बांध आपण घालायचा आणि खंड त्यांनी वाढवायचा. मग कोण घालील?’ कुलाबा जिल्ह्यात हा प्रश्न फार जुना. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पेरायच्या नाकारल्या होत्या, तो संप याच पोटतिडकीतून उभा राहिला. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. कसणारी कुळे त्या दिवशी जमिनीची मालक मानली गेली. कागदोपत्री किंमत भरायला आणि सातबारा नावावर व्हायला आणखी वर्षे गेली, पण बडे अब्बांनी सातबाऱ्याची वाट पाहिली नाही. त्यांनी केणी आणली.

मला वाटते, जमिनीची मालकी कुणाची आहे हे सातबाऱ्यापेक्षा तिच्या सपाटीवरून जास्त कळते. ज्याला उद्याची खात्री नाही तो माणूस उंचवट्यावरची माती खळग्यात नेऊन टाकत नाही.

त्यांनी आणि अब्बांनी मिळून एक खाचर केणीने काढायला चार उन्हाळे घेतले. बैलांना सकाळी सातच्या आत जुंपायचे आणि अकराच्या सुमारास सोडायचे. रोज पंधरा-वीस फेऱ्या. संध्याकाळी केणीच्या पट्टीला चिकटलेली माती खरवडून तिला करंजाचे तेल लावायचे आणि पावसाळ्याआधी ती माळ्यावर वाशाला टांगायची. ही केणी अजून आमच्या घरात आहे. पट्टी गंजली आहे, लाकूड मात्र धड आहे.

याच काळात सपाटीची गरज वाढवणारी एक गोष्ट कर्जतमध्येच घडत होती. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. जुनी भाते उंच. त्यांना पोटरीभर पाणी झाले तरी ती डोके वर काढून उभी राहत, मग खत जरा जास्त झाले की आडवी होत. १९६०-७० च्या दशकात बुटकी भाते आली. तैचुंग नेटिव्ह-१ आले, फिलिपिन्सचे आयआर-८ आले, १९६८ मध्ये जया आले आणि त्यानंतर कर्जत-१८४ सारख्या इथल्याच जाती. आता बुटक्या भाताचे रोप खळग्यातल्या पाण्यात बुडते, त्याला फुटवे कमी येतात आणि उंचवट्यावर लावले तर तिथे तण माजते. म्हणजे उंच भाताला जी चूक चालून जायची ती बुटक्या भाताला चालेना. नवे बियाणे घेऊन येणाऱ्या कृषी सहायकाने ‘पाणी बेताचे ठेवा’ असे सांगितले, की आम्ही माना डोलवायचो. पण बेताचे पाणी ठेवायला आधी बेताची जमीन लागते. नंतर डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत आली, युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मध्ये खोचायच्या आल्या, तेव्हा हे अधिकच पटले. वाहत्या पाण्यात महाग खत खोचून काय उपयोग?

दुसरे कारण पाण्याचे. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ मधले, भिवपुरीचे १९२२ मधले. घाटमाथ्यावरचे जे पाणी इंद्रायणी-भीमेतून पूर्वेच्या समुद्राला जायचे, ते यंत्रांवरून खाली आले आणि कोकणात उतरले. भिवपुरीच्या त्या पाण्यावर आमचा राजनाला चालतो आणि त्याच्या काठच्या गावांना उन्हाळी भात घेता येते. पावसाचे पाणी फुकट असते, त्यात उंचसखल जमीन खपून जाते. कालव्याचे पाणी पाळीने येते. जमीन वाकडी असेल तर खालचा कोपरा भरेपर्यंत पाळी संपते आणि वरचा कोपरा तहानलेला राहतो. राजनाल्याकाठच्या शेतकऱ्याला म्हणून सपाटीची किंमत आमच्याआधी कळली.

मग बैल गेले. कुणी सांगून गेले नाहीत. गायराने कमी झाली, गुरे वळणारी पोरे शाळेत गेली आणि तरणी माणसे खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत. कांदिवलीला महिंद्रांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली, म्हणजे ट्रॅक्टर आमच्यापासून लोकलने दोन-अडीच तासांवर बनत होते. पण ते पस्तीस अश्वशक्तीचे. पाच गुंठ्यांच्या खाचरात ते वळायचे कसे आणि बांध ओलांडायचे कसे? ते पंजाबचे आणि देशावरचे यंत्र होते. आमच्याकडे आधी आला पॉवर टिलर, आणि २०१० नंतर पंधरा-वीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर. आमच्या पुतण्याने कर्ज काढून असाच एक घेतला. त्याच्याबरोबर रोटाव्हेटर, चिखलाची लोखंडी चाके आणि साडेचार फुटांचे ब्लेड.

या ब्लेडमागेही एक इतिहास आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे खाली दोन आणि वर एक अशा तीन कांड्या असतात, ज्यांना अवजार जोडले जाते, ती कल्पना आयर्लंडात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनची. १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ती जोडणी असलेला ट्रॅक्टर बाहेर पडला आणि मग सगळ्या जगाने ती उचलली. तिच्यातली गंमत अशी, की अवजार जमिनीत ओढले जाते तेव्हा त्याचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलका ट्रॅक्टर जड असल्यासारखा पकडीने चालतो. शिवाय एक दांडा हलवला, की अवजार वर-खाली. मी आळवटावर ऊठ-बस करायचो ते काम आता तो दांडा करतो.

मंडळी, आता माझी चूक सांगतो. आमच्या वरच्या अंगाला एक खाचर होते, ज्याला बडे अब्बांची केणी पोचली नव्हती. पुतण्याचा ट्रॅक्टर यायच्या आधीची गोष्ट. मी भाड्याने ब्लेडचा ट्रॅक्टर बोलावला. चालकाने सकाळी नऊला सुरुवात केली आणि चार वाजता खाचर असे केले, की कॅरमबोर्ड ठेवावा. मी खूश. शेजारचे तात्या बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, ‘काळी कुठं ठेवली रे?’ मला प्रश्नच कळला नाही. कळला तो भाद्रपदात. खाचराच्या खालच्या अर्ध्यात भात कमरेला लागले होते आणि वरच्या अर्ध्यात पिवळे, गुडघ्याएवढे. ब्लेडने उंचवट्यावरची सगळी काळी, कसदार माती खरवडून खळग्यात नेली होती आणि वर उरला होता मुरूम. पाणी दोन्हीकडे सारखे उभे होते. भात मात्र पाण्यावर एकटे जगत नाही. शेणखत, हिरवळीचा ताग, गिरिपुष्पाचा पाला, काय काय घातले. तो भाग माणसात यायला पाच पावसाळे लागले.

केणीने ही चूक झाली नसती असे नाही, पण इतक्या लवकर झाली नसती. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर बैल दमायचे, माणूस बसायचा आणि बसलेला माणूस मातीचा रंग बघायचा.

म्हणून पुतण्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी त्याला आधी कुदळ घेऊन खाचरात नेले. चार ठिकाणी खणून काळी किती खोल आहे ते पाहिले. वीतभर काळी आधी खरवडून एका कडेला ढीग करायचा, मग खालचा मुरूम कापून खळग्यात भरायचा, आणि शेवटी काळी परत अंगावर पांघरायची. काम तिप्पट होते. डिझेलही. पण हेच खरे सपाटीकरण. शिवाय एका वर्षात संपवायचे नाही. भरलेली माती पहिल्या पावसाने बसते आणि तिथे पुन्हा खळगा होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात हलकी फेरी मारावीच लागते.

ब्लेड चालवण्यात खरी कला कुठे आहे ते त्या पोराकडून मी शिकलो. वरची कांडी फिरवून लांब-आखूड करता येते. तिच्यावर पात्याचा कोन ठरतो: एका कोनात पाते चावते, दुसऱ्या कोनात नुसते सारवत जाते. उघड्या मातीत चावणारा कोन, शेवटच्या फेरीला सारवणारा. खालच्या दोन कांड्यांपैकी एकीला फिरवायची मूठ असते, तिने पाते एका बाजूला झुकवता येते. चर काढताना ते उपयोगी, पण नंतर सरळ करायला विसरलात तर सगळे शेत एका अंगाला कलते. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी नसली तरी हेच होते. आम्ही एकदा दिवसभर सपाटी करून संध्याकाळी पाणी सोडले, तर पाणी एकाच बांधाला जाऊन टेकले. कारण शोधताना सापडला तो टायरातला छोटासा काटा.

लहान ट्रॅक्टरला लोभ चालत नाही. पाते खोल घातले की चाके घसरतात आणि घसरलेली चाके नवे खड्डे करतात, म्हणजे ज्यासाठी आलो त्याच्या उलट. बोटभर माती कापायची, थोडे अंतर न्यायची, सोडायची. माती ओली नको, धूळही नको. मूठ वळली आणि बोटाने दाबताच फुटली, की वापसा आहे असे समजायचे. पाते दगडात किंवा जुन्या खुंटात अडकले तर जोर लावायचा नाही, वर उचलून मागे यायचे. आणि बांधाच्या कडेपासून चाक हातभर आत ठेवायचे. भरलेला बांध वरून घट्ट दिसतो, पण आतून ढासळतो. लहान ट्रॅक्टर उलटायला तेवढे पुरते आणि त्याखाली माणूस असतो.

पावसाळ्यात, चिखलणीनंतर, ब्लेडऐवजी एक फळी लावतात. तिथे पुन्हा आळवटाचे राज्य. खाचरात दोन बोटे पाणी हवे. त्याहून जास्त असले तर उंचवटे पाण्याखाली लपतात, कमी असले तर चिखल फळीला चिकटून येतो. देशात २००१ पासून, आधी पश्चिम उत्तर प्रदेशात, लेसर किरणांवर चालणारे लेव्हलर आले. तिथल्या एकरा-एकराच्या शेतांना ते शोभते. आमच्या पाच गुंठ्यांना दोन बोटे पाणी हाच लेसर.

आता निगा. पोरांना यंत्र चालवायला आवडते, पुसायला आवडत नाही. आमच्याकडच्या हवेत लोखंड आठ दिवसांत तांबडे होते, म्हणून काम संपल्यावर पाते धुवायचे, वाळवायचे आणि त्याला जळके ऑइल चोपडायचे. पाते जिथे वळते त्या खिळीला ग्रीस. कांड्यांच्या लॉक पिना दर वेळी हाताने चाचपायच्या, कारण त्या चिखलात पडल्या तर सापडत नाहीत आणि मग कोणी तिथे तार गुंडाळतो. तारेवर भरवसा ठेवून मी एक पाते रस्त्यात पडलेले पाहिले आहे. कांड्यांच्या साखळ्या ढिल्या झाल्या तर पाते शेपटीसारखे हलते आणि जमीन लाटांची होते. ट्रॅक्टर उभा करताना पाते जमिनीवर टेकवायचे, हवेत लटकत ठेवायचे नाही. हायड्रॉलिकला रात्रभर ओझे कशाला? आणि चिखलाच्या कामानंतर मागच्या धुऱ्याचे ऑइल एकदा बघायचे. ते दुधाळ झाले असेल, तर सीलमधून पाणी आत गेले आहे.

सगळ्यात महत्त्वाची ती पात्याची खालची पट्टी. ती बोल्टांनी बसवलेली असते आणि बहुधा दोन्ही कडांनी वापरता येते. एक कड झिजली की उलटून बसवायची. पण झिजत झिजत ती बोल्टांच्या डोक्यांपर्यंत येऊ द्यायची नाही, नाहीतर मागचे मूळ पातेच झिजू लागते आणि शंभराच्या ठिकाणी हजारांचे काम होते. आमच्या बाजारातला लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून पट्टी करून देतो. ते पोलाद चिवट असते. त्याच्या बापाने बडे अब्बांच्या केणीची पट्टी केली होती. त्याने ती आमच्या माळ्यावर पाहिली आणि तिच्यावर अंगठा फिरवत म्हणाला, ‘ही अजून एकदा उलटेल, चाचा.’

इथवरचे सारे शेतीचे. पण ब्लेड फक्त शेतीसाठी चालत नाही. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि खालापूर मुंबईच्या अंगणात आले. शनिवार-रविवारची घरे आली, फार्महाऊसे आली, प्लॉटांच्या पाट्या आल्या. डोंगराच्या उतारावर मोठी यंत्रे पायऱ्या काढतात आणि शेवटचा हात मारायला, बंगल्यापुढची हिरवळ सारखी करायला, लहान ट्रॅक्टर बोलावतात. एका दिवसाचे भाडे भाताच्या चार दिवसांएवढे. पुतण्या जातो. मी एकदा म्हणालो, ‘आपल्याच मजग्या मोडायला जातोस का?’ तो म्हणाला, ‘चाचा, कर्जाचा हप्ता भातातून फिटत नाही. तुम्ही सांगा, कशातून फेडू?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. तो ज्या प्लॉटांवर जातो त्यांपैकी काही जमिनी १९५७ मध्ये कुळांच्या नावावर झालेल्याच आहेत आणि त्यांच्या नातवांनीच त्या विकल्या आहेत. त्यांना नावे ठेवणारा मी कोण?

फक्त एका गोष्टीवर मी त्याच्याशी भांडलो. आमच्या वरच्या बाजूला एक प्लॉट पाडला गेला. कंत्राटदाराने मुरूम टाकून तो इतका सुरेख सपाट केला, की पाणी कुठून जाणार हा विचारच राहून गेला. पूर्वी तिथे खाचरे होती तेव्हा वरच्याचे पाणी खालच्याच्या बांधातल्या वाटेने उतरायचे, ती वाट कुणाच्याही नकाशात नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. ती बुजली. त्या पावसाळ्यात सगळे पाणी एका ठिकाणी जमून तात्यांच्या खाचरात उतरले आणि त्यांचा चाळीस हात बांध एका रात्रीत गेला. तात्या आता थकले आहेत. सकाळी ते फुटलेल्या बांधापाशी उकिडवे बसले होते आणि त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, हे मला जास्त लागले. खाचराची सपाटी आणि प्लॉटची सपाटी डोळ्यांना सारखीच दिसते. खाचर पाण्याला थांबवून मग वाट देते. प्लॉट त्याला नुसते हाकलतो.

त्या उन्हाळ्यात पुतण्या प्लॉटवाल्यांकडे गेला, आणि मी सोबत गेलो. मालक मुंबईचे, माणूस सभ्य. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. कडेने एक उतरता चर काढायला ते तयार झाले. पुतण्याने पाते एका अंगाला झुकवले, जुन्या वाटेच्या रेषेत तात्या काठी टेकत पुढे चालले आणि ट्रॅक्टर त्यांच्यामागून. दुपारपर्यंत चर ओढ्याला जाऊन मिळाला. मग दोन दिवस, भाडे न घेता, त्याने तात्यांच्या बांधाला माती ओढली. काळी आधी कडेला काढून ठेवायला तो विसरला नाही.

यंदा मृगाच्या दुसऱ्या दिवशी मी बांधावर गेलो तेव्हा आमच्या वरच्या खाचरात एकच पाठ पाण्याबाहेर होती, ताटाएवढी. पुतण्याला दाखवली. त्याने चप्पल काढली, फावडे घेतले आणि तो पाण्यात उतरला. तेवढ्यासाठी ट्रॅक्टर कशाला काढायचा, म्हणाला.